एकास सत्त्याऐंशी

पाटावर कुळें स्टेशन उभं केलंय.
चिऱ्याची पूड चाळून माती,
काथ्याचं गवत.
दूधसागराला कापूस चालेना,
शेवटी दोऱ्यांवर फेविकॉल सोडला, थेंब थेंब.

फोटो काढायचा तर
गाल टेकवावा लागतो रुळाला,
दोन सेंटिमीटर माणसाच्या नजरेत यावं लागतं,
श्वास धरून. नाहीतर झाडं हलतात.

काल आग्नेलबाबांना दाखवला.
एकतीस वर्षं गार्ड.
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
धबधब्याबद्दल अक्षर नाही.
"सिग्नल पडला," म्हणाले,
"खंयची गाडी?"

खरं तर गोंद ओला होता,
सिग्नलचा हात आपसूक ओघळलेला.

बोललो नाही.
बल्कांवावर बसून राहिलो दोघं
घाटाकडे कान लावून.