ओल कुठे असावी

डुलुथ गोठलं की घरातली हवा पापडासारखी होते.
हीटर रात्रभर घोरतो,
माझ्या टाचांना भेगा पडतात, शालीतून ठिणग्या उडतात,
आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत
शाल्मली ठेवून गेलेला साप
वेटोळं करून निमूट पडून असतो.

ती त्याला नूडल म्हणायची. मी पडवळ म्हणते.
दोन्ही नावांना तो सारखाच बहिरा.

"दर दहा दिवसांनी एक उंदीर, बास,"
मॅडिसनला जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाली होती.
कातीबद्दल काही बोलली नाही.

डिसेंबरात त्याचा नारिंगी रंग विटला,
डोळ्यांवर निळसर साय धरली.
मला वाटलं, मोतीबिंदू.
आपल्या भाषेत कात टाकणं किती सोपं:
दुकानं टाकतात, एसटी स्टँड टाकतात,
नणंदेनं पन्नाशीत केस कापले, तर म्हणे तिनंही टाकली.
पडवळची निघाली भिंतीवरच्या जुन्या पोस्टरसारखी,
इथे चतकोर, तिथे चिंधी,
आणि शेपटीच्या टोकाला एक कडं राहिलं,
बोटात रुतलेल्या अंगठीसारखं.

मी नखानं ओढून पाहिलं.
त्यानं अंग आखडून घेतलं. मीही.

मग पाणी मारत सुटले, सकाळ-संध्याकाळ,
हळदीच्या वाफ्याला मारावं तसं,
खालचा भुसा चिंब होईस्तोवर.
आठवड्यानं उचलला तर पोटाचे खवले गुलाबी,
दोन-तीन तपकिरी, कडेनं फुगलेले,
आणि झाकून राहिलेल्या माठाचा कुबट वास.

डॉक्टर हाल्वोरसन उंच बाई, हात ऊबदार.
ओरडल्या नाहीत.
कोमट पाण्यात त्याला अर्धा तास बसवला,
ओल्या कापसात शेपूट धरून
त्यालाच त्यातून हळूहळू सरकू दिलं.
कडं सुटलं.
"अजून महिनाभर राहिलं असतं,
तर टोक काळं पडून गळलं असतं."
मग त्याला उताणा धरून पोट दाखवलं:
"ओल हवेत हवी. अंथरुणात नको."

मलमाच्या पाकिटावर मी ते मराठीत लिहून घेतलं.

आता पेटीत कोरडे कागदी रुमाल, रोज बदललेले.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून
आत ओलं शेवाळ ठेवलंय; वाटलं तर तो जातो,
नाही वाटलं तर नाही.
दमटपणाचा काटा साठाच्या आसपास आहे ना,
हे मी स्वतःची साखर तपासायच्या आधी बघते.
शुक्रवारी उजेडात हनुवटीखाली पाहते,
पाण्याच्या वाडग्यात पाहते:
काळी खसखस दिसली, आणि ती हलली,
तर बाईंना फोन करायचा.
अजून नाही करावा लागला.

रविवारी शाल्मलीचा फोन येतो, तुकड्यातुकड्यांत.
"ठीक आहे गं." "हो, जेवले." "बघू, सुट्टीत."
पूर्वी मी ओढायचे.

मार्चमध्ये पुन्हा साय आली.
मी हात लावला नाही. उंदीरही दिला नाही.
पाचव्या दिवशी डोळे निवळले,
आठव्या रात्री विटेवर नाक घासल्याचा आवाज आला,
कोणी कागदाची पुडी सावकाश उघडावी तसा.
मी दिवा न लावता पडून ऐकत राहिले.

सकाळी डब्याच्या तोंडाशी अख्खी कात,
मोज्यासारखी उलटी, अजून ओलसर.
चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन तपासली.
टेबलावर पसरून मापली: साडेचार फूट.
पडवळपेक्षा जास्तच भरली, ताणली जाते म्हणे.

लांब लिफाफा पोस्टातून आणला.
आत चिठ्ठी:
डोळ्यांवरच्या चकत्या दोन्ही आहेत,
शेपटीचं टोकही.
मोजून घे.