गेंदलालची पट्टी

कूलर बंद केला तेव्हा दुपारचे दोन.
इंदोऱ्यातली गच्चीवरची खोली, मे महिना,
भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या.
अंताराम गजभिये दुपट्टा मानेला गुंडाळून गायले.
शेजारी दुसऱ्या माईकवर गेंदलाल नगरारे, कोरस,
जरा तिरपा, अर्धं पाऊल मागे,
तीस वर्षं उभा आहे तसाच.

टेक झाला. कूलर लावला.
गेंदलाल खर्रा आणायला खाली गेला
आणि अंतारामजी माझ्या खुर्चीमागे वाकले :
"हे काय उभं उभं दिसून राहिलं, बाई?"
पट्टी, म्हटलं. एका माईकची एक.
"माही पट्टी काळी चार."
ही वेगळी. ही वरून खाली वाचायची.

सगळ्यात वर गेन :
आवाज आत घेताना दार किती उघडायचं, ते.
तुम्ही माईकला मैदान समजता,
म्हणून तुमचं दार किलकिलं.
गेंदलालचं जवळजवळ सताड.
"तो हळूच गाते."

त्याखाली गाळणी. शंभरच्या खालचं अडवते :
शेजारचा कूलर, दहा नंबर पुलावरचा ट्रक,
तुमच्या पायाचा ठेका.
ठेका गेला म्हणून ते हिरमुसले.
मी गाळणी सत्तरवर आणली.
थोडा पाय परत आला,
थोडा ट्रकही.

इक्यूत त्यांना रस नव्हता.
तीनशेजवळ आवाजाचा डबा होतो, तो कोरायचा,
एवढं ऐकून त्यांनी मान हलवली.

कॉम्प्रेसरला वेळ लागला.
सभेत एक जण फार चढला
की खांद्यावर हात ठेवून त्याला बसवणारा कार्यकर्ता, म्हटलं.
"अन् हळू बोलणाऱ्याले?"
त्याला तो हात लावत नाही.
मग अख्खी सभाच थोडी वर उचलायची.
"मंजे मोठ्याले दाबल्याबिगर लहान्याचं ऐकू येत नाही."
असं कुठं लिहिलेलं नाही, मी म्हटलं,
पण हो.

सेंड म्हणजे विहिरीत सोडलेली बादली :
आवाज जरासा तिकडं पाठवायचा,
ओला होऊन येतो.
पॅन म्हणजे कोण कुठल्या कानाशी उभा.
आणि हा सोलो.
दाबला की बाकी सगळे गप्प, हा एकटा.
"गेंदूचा दाबा."

मी दाबायला नको होता.
सोलोत कुणीच बरा वाटत नाही.

गेंदलालचा बारीक, पिवळसर आवाज,
मागे लांबून अंतारामजींची सावली,
त्याच्या माईकमध्ये झिरपलेली.
पहिलं कडवं. ओळीच्या शेवटी
सावली थांबते
आणि गेंदलाल थांबत नाही.
दुसरी ओळ. तिसरी.
जिथं जिथं अंतारामजींचा श्वास तुटतो
तिथं तो आधीच पोचलेला,
सूर धरून,
ते परत येईपर्यंत.
मग लगेच खाली सरकतो,
कुणी पाहिलं तर नाही ना, असा.

कूलरचा पंखा घरघरत होता.
"पुन्हा लावा."
पुन्हा लावलं.
"तीस वर्षं," ते म्हणाले,
"मले वाटे, माहा दम लांब आहे."

मग त्यांनी स्वतःच बोट पडद्यावर ठेवलं, फेडरवर.
हे वर सरकवा.
किती?
"माहा दम तुटते ते लोकायले दिसलं पाहिजे, तितकं."
उणे बारावरून उणे आठ. उणे सहा.
हिरव्या दिव्यांत एक पिवळा लागला.

जिन्यावर चपला वाजल्या.
गेंदलाल पन्नी तळहातावर घोटत दारात उभा राहिला,
ऐकू लागला,
कपाळाला आठी.
"बाई, माहा आवाज
जराकसा जास्त नाही येऊन राहिला काय?"

मी माऊसवरचा हात काढून घेतला.
अंतारामजी खिडकीबाहेर पाहत होते.
"येऊन राहिला," ते म्हणाले,
"बस तू."