वीस मिनिटं

दिवाळ्याच्या जेटीवर बर्फाची गाडी पहाटे चारला येते.
बाबा आकडा खुपसून लाद्या ओढतो,
क्रशरच्या तोंडात ढकलतो,
आणि जो चुरा कोळंबीच्या क्रेटमध्ये जातो
त्यातलाच मूठभर
लहानपणापासून माझ्या गुडघ्यांना आला आहे.

पडलीस? बर्फ.
सुजलं? बर्फ.
शाळेच्या फायनलला खांदा निखळता निखळता राहिला,
तेव्हा तो थेट मैदानात क्रेट घेऊन शिरला
आणि पंचांनी विचारलं, मासळी कोणाची?

आमच्या घरी औषधाला बोंबलाचा वास येतो.

यंदा नेरूळच्या मॅटवर
बोनस घेऊन परतताना
कव्हरवालीने घोटा धरला.
मी एका बाजूला वळले, घोटा दुसऱ्या.
कट्कन नाही,
ओली फांदी मोडावी तसा आवाज.

बीना मॅडमनी सूज बोटाने दाबली,
खड्डा किती वेळ टिकतो ते पाहिलं.
"बर्फ बंद," म्हणाल्या.
"सूज म्हणजे शरीराने बोलावलेली माणसं.
कामाला आलीत. हाकलू नकोस."
आणि खणातून काढली
बांगडीहून मोठी, ताटलीहून लहान
एक निळी कडी.
आत तांब्याची तार, बाजूला हिरवा ठिपका.
भाडं आठवड्याला सातशे. डिपॉझिट वेगळं.

बाबाने ती उलटीपालटी केली.
"गार हाय?"
नाही.
"गरम?"
नाही.
"मंग चावते काय?"
काहीच वाटत नाही, बाबा.
"जे वाटत नाय त्याचं सातशे?"

मग खिळ्यावरचा गळ काढला,
दोरीला लोंबकळता
कडीच्या मधोमध धरला.
गळ थरथरला.
वारा नव्हता, पंखा मीच बंद केला होता.
एवढंसं लोखंड,
जणू खाली काहीतरी लागलंय.
बाबा बराच वेळ तसाच,
ओढायचं की नाही हे न ठरलेल्या माणसासारखा.
"बांध," म्हणाला.

अकराव्या दिवशी मी जिना उतरले.
कडीने, की अकरा दिवसांनी?
मॅडम नुसत्या हसल्या.
मग सहज, पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या,
"बर्फ द्यायचो तेव्हाही
वीस मिनिटांच्या वर ठेवू देत नव्हतो हां.
पुढे नसा झोपतात."

रिक्षात मी वीस हा आकडा घेऊन बसले होते.

बत्तीस वर्षं.
रोज चार ते साडेनऊ.
बास, झाली वीस मिनिटं,
असं त्या हातांना कोणी कधी म्हटलं नाही.
मीही नाही.
आता शर्टाचं बटण त्याला दिसतं, लागत नाही.
चहाचा ग्लास तो डोळ्यांनी धरतो.
शिंगाळ्याचा काटा रुतला
तर रक्त बघून कळतं,
आणि आम्ही घरात म्हणायचो,
बाबाला दुखतच नाही, बाबा वाघ आहे.

कडी परत करायच्या आदल्या रात्री
मी ती त्याच्या मनगटावर चढवली.
भांडून.
"मी काय खेलाडू हाय?"
हिरवा ठिपका लुकलुकत राहिला,
आईने कूस बदलली,
खाडीच्या बाजूने कुत्री भुंकली.
काय वाटतंय, विचारलं.
"काय नाय वाटत."

आणि मला कळेना,
हे उत्तर कडीचं
की हाताचं.

गळ आणायला उठले
तर म्हणाला, ऱ्हाऊ दे.

पावणेचारला गाडीने हॉर्न दिला.
तो तसाच उठला, गमबूट घातले,
दारापर्यंत गेला,
परत फिरला,
हात माझ्यापुढे धरला,
"काढ गो.
भिजली त डिपॉझिट जाईल."