वय (अंदाजे)

कोलशेतच्या खाडीकडे उतरताना डाव्या हाताला
चिंच, क्रमांक चारशे बारा.
जमिनीपासून एक मीटर सदतीस, म्हणजे छातीइतकं.
कुणाच्या छातीइतकं? माझ्या तर हनुवटीला लागतं,
म्हणून काठीवर खूण करून आणलीय.
टेपचं टोक पलीकडून द्यायला हसुराम भोईर.
घेर तीनशे बारा. व्यास नव्व्याण्णव.

दीडने भागलं तर सहासष्ट,
दोन पूर्णांक एकने भागलं तर सत्तेचाळीस.
'दोन पूर्णांक एक धरा,' कारखानीस साहेब फोनवर,
'पाण्याकाठची चिंच, भराभरा वाढते.'
पन्नासच्या अलीकडे झाड म्हणजे झाड,
पलीकडे वारसा.
रस्त्याची चुन्याची रेघ खोडाला येऊन थांबलीय
आणि खोडाच्या मागून पुन्हा निघालीय.

हसुरामला सहज विचारलं होतं, तुमचं वय किती?
आधार कार्डावर एक जून.
मास्तरांनी डोक्यावरून हात टाकायला लावला,
बोटं पलीकडच्या कानाला टेकली,
झाला सहा वर्षांचा.
'आदल्या साली नव्हती टेकली,
म्हनून आजून एक वरीस होरीवं गेलो.'

होरी इथेच बांधायचे.
आता मधे भराव, भरावावर पत्रे,
भरतीचा नुसता वास येतो.
तो मला खोडाच्या त्या अंगाला नेतो,
मुंग्या झटकतो, सालीचा पापुद्रा सारतो.
लोखंडी कडी.
बापाने ठोकली तेव्हा दुहेरी दोर जायचा, मनगटासकट.
झाडाने गिळत आणलीय, घाई न करता.
मी बोट घालून बघते.
करंगळी, दुसऱ्या पेरापर्यंत. आत गार.

त्याच्याही आत वलयं असतील.
मोजायची तर कापायला हवं,
आणि कापल्यावर मोजून
कुणाला सांगायचं?

फोन पुन्हा वाजतो. वाजू दे.
रकाना आहे 'वय', कंसात 'अंदाजे'.
मी सहासष्ट लिहिते. दोन्ही सहा दाबून,
खालच्या प्रतीवर उमटतील असे.
शेऱ्याला जागा कमी, तिरकं लिहावं लागतं:
कडी आत गेली आहे. करंगळी जाते.

हसुराम झाडाला पाठ टेकून उभा.
गंमत म्हणून डोक्यावरून हात टाकतो,
कान काही सापडत नाही. खांदा धरलाय.
मास्तरांच्या हिशेबाने
अजून त्याला शाळेत घ्यायचं नाही.