ओलावा किती

आयलिफ, तुझी किल्ली मिळाली. चिठ्ठीही.
चौदा महिन्यांसाठी माणूस पृथ्वीच्या बुडाशी निघतो
आणि चार पानं लिहितो, ती सिगारींबद्दल.
मांजराबद्दल दीड ओळ.

पेटी सीडरची आहे, आतून पुसू नकोस.
नळाचं पाणी वर्ज्य, फार्मसीतलं डिस्टिल्डच आण.
फ्रिजमध्ये नाही म्हणजे नाही. खाली दोन रेघा.
कॉफीच्या डब्याशेजारी नको,
आणि सुक्या माशांच्या तर वाऱ्यालाही उभी करू नकोस.
काटा अडुसष्ट ते बहात्तर.
पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नकोस, ब्रशनं झटक;
हिरवट दिसली तर ती एक वेगळी काढ
आणि मला लगेच कळव.
कळवून तू तिथून काय करणार होतास?

काट्यावर माझा विश्वास नव्हता.
बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, चार थेंब पाणी,
काट्यासकट पिशवीत बांधून ठेवलं रात्रभर.
दाखवायला हवे होते पंचाहत्तर, दाखवले बहात्तर.
म्हणजे तुझा काटा तीनानं कमी बोलतो.
तुझ्यासारखाच.

नोव्हेंबरात सूर्य गेला.
ट्रोम्सोत घरोघरी हीटर लागले, आणि हवा
चार दिवसांच्या पावासारखी झाली.
माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या,
जेवणाचं टेबल एका रात्री बंदुकीसारखं वाजून तडकलं.
तुझ्या एकोणीस सिगारी मात्र
बाळंतिणीच्या खोलीत असाव्यात तशा.
दर रविवारी झाकण उघडायचं, दहा मिनिटं वारा द्यायचा,
स्पंज भिजवायचा, पिळायचा, ठेवायचा.
शेल असता तर पोट धरून हसला असता:
तीस वर्षं जिनं मला धुरासकट अंगणात हाकललं
ती बघा, पानांना पाणी पाजतेय.

डिसेंबरात वादळानं तारा तोडल्या.
दोन दिवस वीज नाही.
मी पेटी पलंगावर घेतली,
शेलच्या बाजूला, रजईखाली.
मांजर रुसलं.

पंधरा दिवसांनी एकदा तुझा निरोप येतो:
ओलावा किती?
मी कळवते: एकोणसत्तर.
तू लिहितोस, इथल्या हवेत पाणीच नाही,
ओठ फुटलेत, टॉवेल लागायच्या आत अंग वाळतं,
मोजे काढताना ठिणग्या उडतात.
आणि पुन्हा खाली: पण पेटीत किती, रांदी, नक्की?

जानेवारीत खालची रांग वर घ्यायची होती. तुझं तिसरं पान.
कोपऱ्यातली एक निघाली बाकीच्यांहून काळपट,
तिच्या कागदी पट्टीवर पेन्सिलीनं, तुझ्या वाकड्या अक्षरात:
शेल.
म्हणजे त्याच्या वाटची. सहा वर्षांपूर्वीची.
सूर्य परतला की तुम्ही दोघं धक्क्यावर ओढायचात;
त्या वर्षी सूर्याला उशीर नव्हता,
घाई शेललाच होती.
चार पानांत याबद्दल अक्षर नाही.

एकवीस तारखेला गल्लीनं जॅम भरलेले गोल पाव खाल्ले.
मी ती सिगार कोटाच्या आतल्या खिशात घालून
धक्क्यावर गेले.
पेटवली नाही. नाकाशी धरली,
डोंगराच्या खाचेतून उजेड आला आणि गेला
तेवढा वेळ. चार मिनिटं असतील.
तंबाखू, लाकूड, आणि जरासा
त्याच्या लोकरी स्वेटरचा गळा.
की माझ्याच खिशाचा वास होता तो, कोण जाणे.

घरी येऊन परत ठेवली, त्याच कोपऱ्यात,
पट्टी वर येईल अशी.
झाकण उघडं ठेवून बराच वेळ तिथेच बसले असणार,
कारण मग पाहिलं तर काटा पंचाहत्तरावर.
तीन मिळवले की अठ्ठ्याहत्तर.
यावरही तुझ्या चिठ्ठीत उपाय होता:
स्पंज काढून घे, एक दिवस थांब.
काढला. थांबले.

तुला कळवलं: एकोणसत्तर.
मांजर बरं आहे.