शेवटचा भाग

हार्ड डिस्क मोज्यात गुंडाळलेली,
मोजा पेरूच्या वड्यांच्या डब्यात,
डबा एलिएसेरच्या मांडीवर.
हवानाची बस रात्रभर पूर्वेकडे.

सेऊलच्या कुठल्याशा स्टुडिओत
भर हिवाळ्यात उन्हाळी झगा घालून
एका नटीनं कुडकुडत निरोप घेतला होता.
तो निरोप कापला, रंगवला, विकला गेला,
कुणी आकाशातून उतरवून घेतला,
कुणी त्याच्या पायाशी अक्षरं डकवली,
घाईत, चुकांसकट.
आता तो या डब्यात
खड्ड्याखड्ड्याला उसळतो आहे.

कामाग्वेला एक कॉपी. बायामोला तीन.
ग्वान्तानामोच्या पोरानं पैसे उधार ठेवले.
एलिएसेरनं स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही.
घरी पोचेतो डोळेच उघडे राहत नाहीत.

बाराकोआच्या वरच्या वाडीत
दोन्या एदुविहेस खुर्ची मांडूनच बसलेली.
डिस्क लावली. नटीनं दाराला हात घातला
आणि वीज गेली.

मेणबत्तीही नाही. नुसते बेडूक.
"तूच आणलंस ना? मग तुला ठाऊक असणार.
जाते का रे ती?"

एलिएसेरनं घसा खाकरला.
"दारापर्यंत जाते," म्हणाला,
"पण एक चप्पल सापडत नाही."
म्हातारी बराच वेळ गप्प.
मग अंधारातच हसली.
"वाटलंच होतं मला."

वीज तिसऱ्या दिवशी आली म्हणे.
एलिएसेर दुसऱ्याच सकाळी
डोंगर उतरून पुढच्या वाडीत.
डबा उघडायच्या आधीच
तिथल्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून विचारलं,
"ते चपलेचं खरं का?"