एक दात

बस्त्यावची ही चारचाकी गोव्यातनं आली तेव्हा
चोर्ला घाट टेम्पोत चढून आली,
पाय बांधलेल्या म्हशीसारखी.
ना जीप, ना मोटारसायकल.
जांबोटीची पोरं तिला बेडूक म्हणतात.
कणकुंबीच्या काजूबागेत बावीस वर्षं
औषधाची टाकी ओढली तिनं.
आता नुसती टकटक.

डोकं उघडलं.
कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजून गेलेला,
लिमलेटची गोळी चघळून बाहेर काढावी तसा.
कारण पुढं तेलाच्या भोकात सापडलं:
आधीच्या कुणा शहाण्यानं
पॅकिंगला डिंक लावला होता हात सैल सोडून,
त्यातला एक थेंब आत शिरला
आणि दार लावून बसला.
वर तेल येईना.
लोखंड लोखंडाशी कोरडंच घासत राहिलं.

पार्ट मिळत नाही. कंपनीला आता
हे मॉडेल आपलं आहे हेसुद्धा आठवत नाही.
उद्यमबागेत इराप्पाकडं गेलो.
भर घाल, घास, उंची दे म्हणालो.
तो कानडीत मोजतो, मी मराठीत,
मायक्रोमीटर दोघांचंही ऐकत नाही.
"नाळे बा," म्हणाला. उद्या ये.
भुतानं परत फिरावं म्हणून दारावर लिहितात, तेच.
मी चार वेळा परत फिरलो.
पाचव्या दिवशी ग्रीस लावून, कानडी पेपरात गुंडाळून
त्यानं कॅम हातात ठेवला.
कागदाला चिकटून कुणाच्या तरी लग्नातली
नवऱ्याची अर्धी मिशी आली.

मग ते काम, जिथं बोलायचं नसतं.
चेनला तार बांधली, पोटात पडू नये म्हणून.
फ्लायव्हीलवरची टी
खिडकीतल्या खाचेसमोर आणली.
पिस्टन वर. दोन्ही उंचवटे खाली तोंड करून.
गिअरवरची रेघ हेडच्या काठाला समांतर हवी.
चेन चढवली, टेन्शनर सोडला.
रेघ जरा तिरकी वाटली.
वाटली,
आणि मी म्हणालो, चालतंय की.

(आमच्या पेटीतला
सगळ्यात घासलेला पाना हाच.)

दोरी अकरा वेळा ओढली.
बाराव्याला सुरू झाली,
कार्बोरेटरमधून शिंकत, दम खात.
बस्त्याव खूश. "लागली बघ गा!"

पिराजी उस्ताद बाकावर बसून होते.
त्यांना ऐकू येत नाही, नऊ वर्षं झाली.
इंजिनांनी बोलून बोलून कान संपवले त्यांचे.
उठले.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं,
मूठ तोंडात धरली,
खाली उरलेल्या त्या एकट्या दातावर,
आणि डोळे मिटले.

बस्त्यावची विडी निम्मी झाली.

उस्तादांनी एक बोट वर केलं.
मला वाटलं, एक नंबर.
मी हसलोसुद्धा.
त्यांनी ते बोट खाली आणलं
आणि आपल्या दातावर टेकवलं.

एक दात.
चेन एक दात चुकली होती.

परत सगळं उघडलं. कुणी काही बोललं नाही,
ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.
बॅटरी बस्त्यावनं धरली, त्याचा हात हलायचा,
रेघ भिंतीवरच्या पालीसारखी सरकायची.
एक दात मागं घेतला.
ह्या खेपेला हातानं फिरवून पाहिलं,
क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक,
परत दोन, परत एक,
रेघ दरवेळी आपल्या घरी येते का ते बघत.
टॅपेटमध्ये पाती घातली:
अडकू नये, सुटूही नये,
ओल्या पाटीवरून बोट ओढल्यासारखी.

दुसऱ्या ओढीला लागली.

उस्तादांनी परत मूठ दातात धरली.
बराच वेळ.
बोट वर झालं नाही.
स्क्रू-ड्रायव्हर लुंगीला पुसला, खिळ्याला अडकवला,
आणि मला खुणेनं विचारलं, चहा सांगितलास का?

बस्त्याव गाडीभोवती एक फेरी मारून आला.
म्हणाला, हॉर्न वाजत नाही गा.